पाऊण सेकंदाचा उन्हाळा

आमच्या शेतातल्या विहिरीच्या काठावरून १५ सप्टेंबरला मी मुठीत मावेल एवढा दगड खाली सोडला, तेव्हा पाण्याचा आवाज वर यायला १.०७ सेकंद लागले. त्याच काठावर, त्याच जागी उभे राहून १५ मे रोजी सोडलेल्या दगडाचा आवाज १.८१ सेकंदांनी आला आणि तो पाण्याचा नव्हता. दगड कोरड्या खडकावर आपटला होता. या दोन आवाजांत जेमतेम पाऊण सेकंदाचे अंतर आहे. मांजरा नदीच्या वरच्या खोऱ्यातले आवाज वर्षभर ध्वनिमुद्रित करून मी यंदा ४८ मिनिटांची जी ध्वनिकृती पूर्ण केली, ती या विहिरीत दर पंधरवड्याला सोडलेल्या २४ दगडांवर उभी आहे. ती कशी होत गेली आणि तिच्यात काय ठेवावे, काय गाळावे याबद्दलचे माझे मत वाटेत कसे बदलले, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझे माहेर मांजरेच्या काठी, धनेगावच्या धरणाच्या वरच्या अंगाला आहे. मांजरा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते, धनेगावला अडवली जाते आणि पुढे कर्नाटक ओलांडून तेलंगणात गोदावरीला मिळेपर्यंत सुमारे ७२४ किलोमीटर वाहते, असे भूगोलात आम्ही शिकलो. आमच्या गावाजवळची मांजरा मात्र वर्षातले बरेच महिने वाळू, वेड्या बाभळी आणि मधूनमधून उरलेली डबकी अशीच पाहायला मिळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात टँकरच्या नळीतून रिकाम्या ड्रममध्ये पडणारे पाणी, रांगेतल्या घागरी एकेक हात पुढे सरकल्याचा फरशीवरचा आवाज आणि टँकर वळणावर आला की गल्लीभर उठणारी एकच हाक हे सगळे मी रोज ऐकत होते. त्यातला एक मिनिटही मी मुद्रित करून ठेवला नाही. हातात फोन होता, पण हे आवाज जपून ठेवण्याजोगे आहेत असे तेव्हा वाटलेच नाही. याची हळहळ पुढे कितीतरी वर्षे मनात राहिली.

साहित्य फारसे नव्हते. हातात धरता येईल असा एक रेकॉर्डर, चारी दिशांचे ऐकणारे दोन छोटे मायक्रोफोन आणि घरी तयार केलेले दोन स्पर्श-मायक्रोफोन एवढ्यावर सगळे काम झाले. स्पर्श-मायक्रोफोन करणे अगदी सोपे असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रुपयाच्या नाण्याएवढी पितळी पिझो चकती मिळते, तिला आवरण असलेली वायर डाखायची आणि चकती ज्या वस्तूवर चिकटवू त्या वस्तूच्या आतला थरथराट ऐकायचा. दुसऱ्या चकतीवर मी रबराचा लेप देऊन ती पाण्यात सोडण्याजोगी केली. पहिल्या वेळी लेप अपुरा पडला, पाणी आत शिरले आणि नदीऐवजी नुसती खरखर मुद्रित झाली. पण सर्वांत जास्त मेहनत वाऱ्याने घ्यायला लावली. पाटोद्याकडच्या माळावर पवनचक्क्यांच्या खाली मी पहिला पूर्ण दिवस घालवला, तेव्हा मायक्रोफोनला नुसते फोमचे टोपण होते. घरी येऊन ऐकते तो सहा तासांच्या मुद्रणात वाऱ्याच्या भडभडीखेरीज काहीही नव्हते. असे मुद्रण नंतर कोणत्याही चाळणीतून काढले तरी सुधारत नाही, कारण तो मायक्रोफोनच्या पडद्यावर वाऱ्याने मारलेला धक्का असतो आणि त्या धक्क्याखाली बाकीचे सगळे आवाज आधीच चिरडून गेलेले असतात. शेवटी लातूरच्या बाजारात खेळण्यातल्या अस्वलाला लावतात तसले केसाळ कापड घेतले आणि आत्याने त्याच्या दोन पिशव्या शिवून दिल्या. त्या पिशव्यांनी वर्षभर साथ दिली.

सुरुवातीला मनात जे चित्र होते, ते स्वच्छ निसर्गाचे होते. परदेशातल्या कलावंतांची अरण्यांची, हिमनद्यांची, समुद्रकिनाऱ्यांची मुद्रणे ऐकून कानाला तशीच सवय लागली होती: माणूस नाही, यंत्र नाही, फक्त पक्षी, पाणी आणि वारा. त्यामुळे पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत मी पहाटे चारला उठून शिवारात जात होते, दोन-अडीच तास मुद्रण करत होते आणि परतल्यावर ज्या ज्या तुकड्यात पाण्याची मोटर, ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा देवळावरचा भोंगा ऐकू येईल तो तो काढून टाकत होते. चार महिन्यांत सुमारे ४० तासांचे मुद्रण झाले आणि त्यातले माझ्या कसोटीला उतरले ते जेमतेम ५० मिनिटांचे. त्या ५० मिनिटांत टिटवी होती, चंडोल होता, हरभऱ्यावरून जाणारा वारा होता, पण ते आमचे शिवार आहे हे ओळखू येत नव्हते. तो माळ आणि तो चंडोल सोलापूरचाही असू शकला असता आणि कर्नाटकातलाही.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी माझ्या चुलत्यांना, म्हणजे नानांना, तितराचा आवाज ऐकवत होते. पहाटेच्या धुक्यात बांधावरून तितर चांगले मिनिटभर ओरडले होते, पण मागे कोणाची तरी मोटर चालू होती आणि म्हणून तो तुकडा टाकून द्यायच्या यादीत होता. नानांनी हेडफोन कानावर दाबून धरला, डोळे मिटले आणि तितराबद्दल एक शब्दही न बोलता म्हणाले, "ही मोटर हवा वडायलीय. फुटबॉल उघडा पडलाय. कोणाची हाय ही?" ज्यांनी विहिरीवरची मोटर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की ओढपाइपाच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे सर्रास फुटबॉल म्हणतात. पाणी त्याच्या खाली गेले की पाइपात हवा शिरते, पंपावरचा भार हलका होतो आणि मोटरचा आवाज भरीवपणा सोडून पातळ आणि मोकळा होतो. मी तो तुकडा पुन्हा ऐकला. तितराच्या तिसऱ्या हाकेनंतर मोटरचा सूर खरोखरच किंचित वर चढत होता आणि त्यात गुरगुर मिसळत होती. मी तोच तुकडा आधी पाच-सहा वेळा ऐकला होता आणि दर वेळी माझे कान त्या मोटरला चुकवून तितराकडे गेले होते. ओढ्यापलीकडच्या त्या विहिरीवरचा गहू पुढच्या आठवड्यात अर्धाच भिजला, बाकीचा तसाच सोडून द्यावा लागला, हे नंतर कळले. एका शेतकऱ्याचा हंगाम तुटल्याचा क्षण माझ्याजवळ मुद्रित होता आणि मी तो अडथळा समजून पुसायला निघाले होते.

त्या रात्री मी काढून टाकलेल्या फाइली परत शोधल्या. सुदैवाने एका जुन्या हार्ड डिस्कवर बहुतेक सगळ्या शिल्लक होत्या.

या विषयाचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला त्यानंतर फार वेगळी दिसू लागली. पक्ष्याच्या आवाजाचे आज ज्ञात असलेले पहिले ध्वनिमुद्रण १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कोख या लहान मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर केले आणि तो पक्षी होता शामा, आपल्या भारतातल्या जंगलांत गाणारा. मात्र कोखच्या घरी तो पिंजऱ्यात होता. त्या मेणावर पक्ष्याचा आवाज उमटला, पण त्याच्याभोवतीचे जंगल उमटणे शक्यच नव्हते. मी माझ्या तितराला अशाच पिंजऱ्यात घालत होते. पुढे १९४८ मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी आगगाडीच्या आवाजांपासून रचना केली आणि मुद्रित आवाज ही संगीताची सामग्री ठरली. कॅनडाच्या आर. मरे शेफर यांनी १९७० च्या दशकात आपल्या सहकाऱ्यांसह गावेच्या गावे ऐकण्याचा आणि नोंदवण्याचा उपक्रम केला. प्रत्येक परिसराचा एक आधारस्वर असतो, आणि तो इतका सतत वाजत असतो की तिथल्या माणसांना तो ऐकू येत नाही, हा त्यांचा विचार. समुद्राकाठी तो लाटांचा असतो. आमच्या गावी तो कशाचा, हे शोधायला मला फार लांब जावे लागले नाही.

आमच्या गावाचा आधारस्वर रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, आहे. गावाबाहेर, शेतात, ओढ्याच्या काठी उभ्या असलेल्या प्रत्येक डीपीतून एक अखंड घूं ऐकू येतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि रोहित्राच्या आतला लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला-सैलावला जातो, म्हणून हा घूं १०० हर्ट्झचा असतो. पेटीवर वाजवून पाहिले तर तो खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. ध्वनिकृतीच्या पहिल्या आराखड्यात मी सगळ्या आवाजांना धरून ठेवायला म्हणून तानपुऱ्याची साथ टाकली होती. ती काढली, कारण तानपुरा शिवारात आधीपासूनच लागलेला होता. शेतीपंपांची वीज पाळीने येते. एखाद्या आठवड्यात दिवसा, एखाद्या आठवड्यात रात्री. लाइन गेली की मैलभरातल्या मोटरी एकापाठोपाठ एक गप्प होतात, घूं थांबतो आणि त्याच्याखाली दबलेले सगळे एकदम वर येते: रातकिडे, दूरची कोल्हेकुई, गव्हाणीतल्या कडब्यात घुसणारे गुरांचे तोंड. मध्यरात्री दोन वाजता लाइन गेल्याचे एक मुद्रण माझ्याकडे आहे. त्यात वीज गेल्यानंतर नऊ सेकंदांनी एक माणूस अंधारात म्हणतो, "गेली बघ", आणि मग त्याच्या पायाखाली बरेच अंतर चिखल वाजत राहतो. रात्रपाळीला पाणी द्यायला गेलेली माणसे कशी चालतात, ते त्या चिखलाच्या आवाजात ऐकू येते.

शिवारात एकटी बाई कानाला काही तरी लावून, वायरी घेऊन बसलेली दिसली की लोक थांबणारच. पहिले काही आठवडे मला रस्त्याच्या मोजणीवाली समजत होते आणि तेव्हा त्यांच्या बोलण्यात सावधपणा असे. पण फेब्रुवारीत मी स्पर्श-मायक्रोफोन लोखंडी गजाला बांधून तो गज जमिनीत ठोकला, ऐकत बसले, आणि तेव्हापासून एकच प्रश्न येऊ लागला: "ताई, पाणी हाय का खाली? किती फुटावर?" पाणाडी हातात कडुनिंबाची दुबेळकी काटकी किंवा तळहातावर नारळ घेऊन रानातून फिरतो आणि बोअरची जागा दाखवतो, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेले असते. हेडफोन लावून जमिनीचा कानोसा घेणारी बाई त्यांना नव्या तऱ्हेची पाणाडी वाटली यात नवल नाही. मी प्रत्येकाला नीट समजावून सांगत असे की मला पाण्याचे काही कळत नाही, मी फक्त आवाज साठवते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तरीही हेडफोन मागून घेतला, बराच वेळ ऐकले आणि शांतपणे परत दिला. त्यांच्या रानात ६०० फुटांपर्यंत तीन बोअर कोरडे गेले होते. त्या गजातून त्यांना काय ऐकू आले असेल? त्या वेळी कोसभरावर कुठे तरी बोअर मारणारी गाडी चालू होती आणि तिच्या घणाचा ठोका जमिनीतून माझ्या गजापर्यंत पोहोचत होता. हवेतून तो ऐकू येत नव्हता. त्या मुद्रणातला एक तुकडा मी जसाच्या तसा ध्वनिकृतीत घेतला आहे.

त्या प्रसंगानंतर रचनेचा प्रश्न जवळजवळ सुटला. इथे जमिनीला कान लावणारे प्रत्येक माणूस पाण्याचाच माग घेत असते, तर माझी ध्वनिकृतीही पाण्याच्या पातळीने चालावी, असे ठरवले. दगड मी पहिल्या महिन्यापासून सोडत होते, पण केवळ नोंद म्हणून, वर्गात मुलांना दाखवायला एक उदाहरण म्हणून. दर १ आणि १५ तारखेला मी एका हाताने दगड सोडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातातल्या खिळ्याने काठाच्या लोखंडी कड्यावर एक टिचकी द्यायची. टिचकी, मग शांतता, मग पाणी. गुरुत्वाकर्षणाचे सूत्र वापरून त्या शांततेवरून खोली काढता येते. सप्टेंबरात पाणी काठापासून १८ फुटांवर होते, १ जानेवारीला ३० फुटांवर. विहीर ५० फूट खोल आहे. आवाजाचाही कस बदलत गेला: भरलेल्या विहिरीत दगडाचा डुबुक् गोल आणि जवळचा, थंडीत पाणी खाली गेल्यावर त्याला दगडी भिंतींचा घुमारा, १ मे रोजी गाळात पडल्याचा थप्प, आणि सतराव्या दगडाचा, १५ मेचा, तो ठक्. त्या ठक् नंतर विहिरीतले पारवे एकदम उडाले आणि त्यांच्या पंखांची फडफड विहिरीच्या तोंडातून वर येईपर्यंत चालू राहिली. हे पारवे मी योजले नव्हते, पण संपूर्ण ४८ मिनिटांत मला सर्वांत जास्त प्रिय असलेले सेकंद कोणते असे विचारले तर ते हेच.

ध्वनिकृतीत दर दोन मिनिटांनी एक दगड पडतो. दोन दगडांच्या मधल्या जागेत त्या पंधरवड्यातले आवाज आहेत आणि मायक्रोफोनची उंचीही पाण्याबरोबर खाली जाते. सुरुवात पत्र्यावरच्या हस्ताच्या पावसाने होते, मग ओढा, मग नदीच्या डबक्यात सोडलेला मायक्रोफोन, मग विहिरीचे आतले अंग, मग जमिनीतला गज. कोणत्याही आवाजाचा सूर मी बदललेला नाही, वेगही नाही, आणि पार्श्वसंगीत मुळीच नाही. फक्त काही ठिकाणी एक तुकडा विरत असताना दुसरा उगवतो. अशा कामात आवाज ओळखू न येईपर्यंत बदलणारे बरेच कलावंत आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण आमच्या शिवाराचे आवाज मुळातच कोणी ऐकून घेतलेले नाहीत, ते आधी जसे आहेत तसे ऐकले जावेत असे मला मनापासून वाटते.

हिवाळ्याचा भाग रचताना सर्वांत जड गेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या मुलखाकडे निघतात. गावाच्या वस्तीतून ट्रॅक्टर निघाले त्या पहाटेचे एक तासाचे मुद्रण माझ्याकडे आहे: दोरखंड आवळताना घेतलेला दम, पत्र्याच्या पेटीचा आवाज, कोणाची तरी शेळी, झोपेतून उठवलेल्या लेकरांचे रडे, आजीला मोठ्याने सांगितलेली औषधाची वेळ. त्यानंतर आठ दिवसांनी मी त्याच जागी, त्याच वेळी परत उभी राहिले. एक कोंबडा आणि एक खोकला एवढेच मुद्रित झाले. रातकिडेसुद्धा थंडीने मंदावले होते; त्यांच्या किरकिरीचा वेग तापमानाबरोबर वाढतो आणि घटतो हे १८९७ मध्ये अमोस डॉलबेअर या शास्त्रज्ञाने मांडले आणि मी ते दरवर्षी मुलांना सांगते. ही दोन्ही मुद्रणे मी शेजारी शेजारी ठेवली आहेत आणि दुसऱ्याला पहिल्याइतकाच वेळ दिला आहे. एका मैत्रिणीने सुचवले की रिकाम्या वस्तीचा भाग थोडा छोटा करावा, ऐकणारा कंटाळतो. मी तो छोटा केला नाही. मार्चनंतर टोळ्या परत येतात तोवर त्या वस्तीतले म्हातारे लोक तीच शांतता रोज ऐकत असतात.

आता त्या आवाजाबद्दल, ज्याची मी वर्षभर वाट पाहिली. आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळणारी. मेअखेरीस तिच्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. रोहिणी संपत आल्या होत्या, ढग तीन दिवस दाटून येत होते आणि ओसरत होते. मी बारीक मायक्रोफोनला प्लॅस्टिकची पातळ पिशवी बांधून तो एका भेगेत हातभर खाली सोडला, वर चाळणी पालथी घातली आणि वायर ओढून घरच्या ओसरीपर्यंत आणली. पहिल्या दिवशी फक्त मुंग्यांची वर्दळ ऐकू आली. दुसऱ्या दिवशी पावशा दुपारपासून ओरडत होता, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा चढ्या सुरात, आणि भेगेच्या आतून तो एखाद्या लांबच्या खोलीतून यावा तसा येत होता. तिसऱ्या दिवशी साडेचारला पाऊस आला. वरून टपोऱ्या थेंबांचा मारा सुरू झाला, पण भेगेच्या आत पहिला मिनिटभर काहीच झाले नाही. मग मातीचे ढेकूळ पाणी पिऊ लागले. त्या आवाजाला मराठीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. पाण्याच्या आवाजांसाठी खळखळ, झुळझुळ, रिपरिप, टपटप असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत, पण पाणी पिणाऱ्या मातीसाठी मला एकही आठवत नाही. बारीक चुरचुर होती, तापल्या तव्यावर ओला हात फिरवावा तशी, आणि तिच्यात मातीच्या पोटातून सुटणाऱ्या हवेचे असंख्य बुडबुडे. हे सहा-सात मिनिटे वाढत गेले आणि मग भेगेची एक कड सुटून आत कोसळली, मायक्रोफोन मातीखाली गेला. त्याच सुमारास वीज कडाडली. ती अंगणात ठेवलेल्या दुसऱ्या मायक्रोफोनवर पार फाटून मुद्रित झाली, कारण मी मुद्रणाची पातळी शांत दुपारच्या हिशेबाने लावली होती आणि बदलायला वेळ मिळाला नाही. भेगेतला मायक्रोफोन दुसऱ्या दिवशी कुदळीने काढावा लागला. तो परत चालला नाही. मुद्रण मात्र शाबूत होते.

विहिरीत पाणी यायला त्यानंतरही वेळ लागला. १५ जूनचा दगड पुन्हा खडकावरच वाजला. १ जुलैला तळाशी पाणी होते, पण ते फूटभरसुद्धा नव्हते, आणि डुबुक् च्या पोटात ठक् ऐकू येत होता.

पहिले श्रवण कुठे करावे याबद्दल मनात फार घोळ नव्हता. गेल्या महिन्यात, पोळा झाल्यावरच्या रविवारी, गावच्या मारुतीच्या सभामंडपात दोन स्पीकर लावले. तीसेक माणसे आली, त्यांत बायका निम्म्याहून जास्त. आधी फक्त एवढेच सांगितले की मध्येमध्ये विहिरीत दगड पडेल. पहिले दोन-तीन दगड लोकांनी नुसते ऐकले. चौथ्या दगडाला मागून कोणी तरी हळूच म्हणाले, "वीस." पाचव्याला दोघे-तिघे बोलले, "बावीस, तेवीस." त्यानंतर प्रत्येक दगडाला आकडे येऊ लागले, एकमेकांचे खोडलेही जाऊ लागले, आणि माझ्या वहीतल्या गणिताने काढलेल्या आकड्यांपासून ते फार तर दोन-तीन फुटांनी चुकत होते. घड्याळ नाही, सूत्र नाही. घागर आणि पोहरा विहिरीत सोडताना आयुष्यभर जे ऐकले, त्यावरून ते बोलत होते. मध्यरात्री लाइन जाण्याचा तुकडा आला, घूं बंद पडला, तेव्हा पुढे बसलेल्या दोन बायकांनी डोक्यावरच्या जळत्या दिव्याकडे पाहिले. "लाइट गेली का?" असे एकीने विचारलेसुद्धा.

सतराव्या दगडाला कोणी आकडा सांगितला नाही. पारवे उडाले, त्यांची फडफड मंडपात फिरली. नाना खांबाला टेकून बसले होते. ते फक्त म्हणाले, "आपली हीर हाय ती." मग जमिनीतल्या घणाचे ठोके सुरू झाले आणि ते म्हातारे गृहस्थ, ज्यांनी माझा हेडफोन मागून घेतला होता, ते उठून बाहेर पारावर जाऊन बसले. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी ध्वनिकृतीबद्दल काही विचारले नाही. मातीने पाणी पिण्याचा तो आवाज बाहेर पारापर्यंत आला होता, तो पुन्हा एकदा ऐकवशील का, एवढेच ते म्हणाले. तो मी त्यांना फोनवर दोन वेळा ऐकवला.

त्यानंतर मला आसपासच्या गावांतून विहिरींचे आवाज येऊ लागले आहेत. लोक फोन काठावर धरतात, दगड सोडतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. सोबत गाव, तारीख आणि विहिरीची खोली. आतापर्यंत अशा अकरा विहिरी जमल्या आहेत. टिचकी देण्याची पद्धत सगळ्यांना कळवली आहे, म्हणजे वेळ नीट मोजता येईल. केजकडच्या एका विहिरीच्या मुद्रणात मात्र टिचकी नाही. तिथे एक लहान मुलगी "सोडला" म्हणते, बराच वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि खालून आवाज आल्यावर ती कोणाला तरी सांगते, "आई, लागलं."